मुंबई हायचं गणित आणि आपली बोअर

ढाणकीत बोअर मारायची तर आधी शेजारच्याला विचारतात, ‘तुम्हाला किती फुटांवर लागलं?’ तरीही त्याला पाणी अन् आपली कोरडी, असं होतंच. काळ्या पाषाणात पाणी भेगांतून फिरतं आणि भेगा वरून दिसत नाहीत. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात ओएनजीसीची अडचणही हीच. फक्त तिथला दगड चुनखडीचा आणि एकेका विहिरीचा खर्च कोट्यवधींचा.

मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं, 1976 पासून तेल निघतंय. 1985 मध्ये इथून दिवसाला चार लाखांहून जास्त बॅरल निघत. 2024 मध्ये आकडा सव्वा लाखाच्या आसपास होता. देशाला लागणारं 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, म्हणून ही घसरण झोंबते. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने तांत्रिक मदतीसाठी ‘बीपी’ला निवडलं. दहा वर्षांत तेल-वायू मिळून 60 टक्क्यांपर्यंत वाढ शक्य, असं बीपीने सांगितलंय.

असले अंदाज बांधायला संगणकावर मॉडेल लागतं. जमिनीखालच्या खडकाचे लाखो ठोकळे पाडायचे, प्रत्येकात छिद्रं किती, तेल किती, हे भरायचं. विहिरी मोजक्या, त्यामुळे मधले बहुतेक आकडे अंदाजानेच. मग मॉडेलला मागची वर्षं पुन्हा चालवायला लावायची. कुठल्या विहिरीतून किती तेल आलं, पाणी कधी यायला लागलं, हे नोंदींशी जुळलं नाही की आकडे बदला, पुन्हा चालवा. याला हिस्टरी मॅचिंग म्हणतात. एका फेरीला तासन्‌तास लागू शकतात, म्हणजे हाताने जुळवण्यात महिने गेलेच!

यावर कामी आलेली एक युक्ती तेलवाल्यांची नाहीच. नॉर्वेच्या गेइर एवेन्सन यांनी ती 1994 मध्ये समुद्राच्या अभ्यासासाठी मांडली: शंभरेक मॉडेल्स एकदम चालवा आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून सगळी एकत्र सुधारा. वेळ वाचतो, पण मला मोठा फायदा दुसराच वाटतो. मागचा इतिहास अगदी बरोबर सांगणारी दहा मॉडेल्स पुढच्या विहिरीबद्दल दहा वेगळी उत्तरं देऊ शकतात. एकच ‘जुळलेलं’ मॉडेल हाती असलं तर हे कळतच नाही. म्हणून ‘60 टक्क्यांपर्यंत’ वाचलं की विचारायचं, कमीत कमी किती?

हेच गणित भूजलालाही लागू पडतं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आपल्या तालुक्यातल्या नोंदी मागून बघा.