उपाशी मुलीचा हट्ट

घरात अन्न आहे, ताट वाढलेले आहे, आणि पंधरा वर्षांची मुलगी जेवत नाही. भुकेचा प्रश्न रेशनच्या रांगेत आणि मेळघाटच्या पाड्यांवर पाहिलेल्या कार्यकर्त्याला हा सुखवस्तूंचा चोचला वाटला, तर नवल नाही. पण तो चोचला नव्हे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा मानसिक विकारांतील अत्यंत घातक विकारांपैकी एक असून तो बव्हंशी किशोरवयात जडतो. मुलगेही त्यातून सुटत नाहीत.

या विकारात विचार ताठर होतात. घास किती वेळा चावायचा, कोणते भांडे वापरायचे, भाताला तेलाचा थेंब लागला तर काय करायचे, याचे नियम ठरतात. एक मोडला तर सारे कोसळले असे वाटते. घरातील माणसे याला हट्ट म्हणतात. उपासतापासाचे कौतुक करणाऱ्या समाजात तर प्रारंभी याची वाखाणणीही होते.

या ताठरपणात मुलीच्या मूळच्या स्वभावाचा वाटा असू शकतो. परंतु उपासमारही मन ताठर करते, हे विसरता येणार नाही. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांवर अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात प्रयोग केला. सहा महिने अपुऱ्या आहारावर राहिल्यावर ही धडधाकट माणसे पाककृती जमवू लागली, अन्नाचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चिवडत बसू लागली, चिडखोर आणि एकलकोंडी झाली. त्यांना कोणी हट्टी म्हटले नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र म्हटले जाते!

लंडनच्या मॉड्सले रुग्णालयात केट चांतुरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या प्रारंभी या ताठरपणावरच काम सुरू केले. कॉग्निटिव्ह रिमेडिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचारात अन्नाचा आणि वजनाचा विषय मुद्दाम बाजूला ठेवतात. एकाच चित्रात दोन आकृत्या शोधायच्या, नकाशावर दुसरा रस्ता काढायचा, लांबलचक मजकुराचे सार दोन वाक्यांत सांगायचे. मग घरी एखादी क्षुल्लक सवय बदलून पाहायची. आपण काय विचार करतो यापेक्षा कसा विचार करतो, हे मुलीला दिसू लागावे, एवढाच हेतू. जिच्याशी जेवणाचे नाव काढताच संवाद तुटतो, तिच्याशी बोलण्याची ही वाट आहे.

या उपचाराचा डंका पिटण्याचे मात्र कारण नाही. केवळ त्याने वजन वाढते असे सिद्ध झालेले नाही, आणि किशोरवयीनांत हा ताठरपणा प्रौढांइतका स्पष्ट आढळतोच असेही नाही. तो मुख्य उपचाराला जोड म्हणूनच शोभतो. मुख्य उपचार कुटुंबाला सोबत घेऊन करावयाचा असतो. विल्यम गल यांनी १८७३ साली लंडनमध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हा रुग्णाला आप्तांपासून दूर ठेवणे त्यांना इष्ट वाटले होते. पुढे कित्येक दशके आईच्या माथी दोष मारला गेला. १९८७ साली मॉड्सलेच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, लहान वयात जडलेल्या आणि फार न मुरलेल्या आजारात कुटुंबोपचार अधिक गुणकारी ठरला. २०१७ च्या ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनीही मुलांसाठी त्यालाच अग्रस्थान दिले.

आता यातील वर्गीय बाजू पाहावी. या उपचारांना महागडे यंत्र लागत नाही. लागतात ती प्रशिक्षित माणसे आणि आईबापांचा वेळ. प्रारंभीचे काही आठवडे प्रत्येक जेवणाला आईने वा बापाने मुलीजवळ बसावयाचे असते. कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाने, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईने हे कसे करावे? सार्वजनिक आरोग्यसेवेचा वारसा सांगणाऱ्या इंग्लंडनेही २०१५ मध्ये अशा मुलांना तातडीचे उपचार एका आठवड्यात आणि इतर उपचार चार आठवड्यांत देण्याचे उद्दिष्ट ठरवले; ठरल्या मुदतीत ते गाठता आले नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. तो हक्क जिल्हा रुग्णालयाच्या दारात मागावा लागेल: किशोरवयीनांसाठी प्रशिक्षित मानसोपचारज्ञ, वजन घटलेली मुलगी वेळीच ओळखणारी शाळेची आरोग्य तपासणी, आणि आजारी मुलाच्या जेवणाला बसणाऱ्या कामगारासाठी भरपगारी रजा. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत या शेवटच्या कलमाला जागा मिळाली पाहिजे.