विश्लेषण : संगणकाचे घड्याळ २०३८ मध्ये १३६ वर्षे मागे जाईल?

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद होतील आणि पुढच्याच सेकंदाला अनेक जुन्या यंत्रांची घड्याळे १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू शकतील. ही अडचण दूर करण्याचे काम वर्षानुवर्षे सुरू आहे. पण त्याचा गाजावाजा नाही, म्हणून त्याची कदरही नाही.

अडचण नेमकी काय?
लिनक्ससारख्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून वेळ ठरवतात. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ती ओलांडली की आकडा ऋण होतो आणि काळ मागे जातो. उपाय सोपा वाटतो : ३२ ऐवजी ६४ बिट वापरा. आजचे बहुतेक फोन आणि संगणक तसेच आहेत. धोका आहे तो वर्षानुवर्षे चालणाऱ्या छोट्या ३२ बिट यंत्रांना.

मग दुरुस्ती अवघड का?
लिनक्सचा गाभा २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत यासाठी सज्ज झाला. ‘ग्लिबसी’ या पायाभूत लायब्ररीने २०२१ मध्ये सोय केली. खरी गुंतागुंत त्यावर उभ्या असलेल्या इतर लायब्ररींची. प्रोग्रामने वेळेसाठी चार बाइट जागा ठेवली आणि लायब्ररीने आठ बाइट लिहिले, तर शेजारची माहिती पुसली जाते. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळते. चुकीचे उत्तर देत राहिला तर तेही कळत नाही. त्यामुळे लायब्ररी आणि तिच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्राम एकत्रच नव्याने बांधावे लागतात. त्यातही ‘अ’ बांधायला ‘ब’ हवी आणि ‘ब’ बांधायला ‘अ’, असे तिढे असतात.

‘डेबियन’ने काय केले?
स्वयंसेवकांच्या या प्रकल्पाने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररी नव्याने बांधल्या. जुन्या-नव्यांची सरमिसळ टाळण्यासाठी नावांना ‘टी६४’ अशी शेपूट जोडली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या ‘डेबियन १३’मध्ये हा बदल पोहोचला. जुन्या ‘आय३८६’ संगणकांना मात्र मुद्दाम वगळले, कारण त्यांवरचे तयार प्रोग्राम पुन्हा बांधता येत नाहीत. या कामात पुढाकार घेणारे स्टीव्ह लँगासेक यांचे त्याच वर्षी जानेवारीत निधन झाले. ही आवृत्ती त्यांना पाहता आली नाही.

यातून काय शिकायचे?
‘वायटूके’च्या दुरुस्तीने भारतीय आयटी कंपन्यांना मोठे काम दिले. २००० साल सुरळीत उजाडले, तेव्हा ‘उगाच बाऊ केला’ असेही म्हटले गेले. दुरुस्ती यशस्वी झाली की काहीच घडत नाही आणि काहीच न घडल्याचे श्रेय कुणाला मिळत नाही.

मात्र डेबियनने केलेली दुरुस्ती भिंतीवरच्या राउटरमध्ये आपोआप पोहोचत नाही. ती उत्पादकाने अपडेट म्हणून द्यावी लागते. फुकट मिळालेल्या लायब्ररींवर यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी त्या सांभाळणाऱ्यांचा खर्च उचलायला हवा. सरकारी कार्यालये, रुग्णालये आणि पाणीपुरवठा योजनांसाठी यंत्रे घेताना ‘२०३८ नंतरही चालेल’ ही अट निविदेत असायला हवी. आज बसवलेले यंत्र बारा-तेरा वर्षे सहज चालते. म्हणजे २०३८चा निर्णय आजच्याच खरेदीत होतो आहे.