अमानतखानाची सराई

विहिरी, उद्यानें, धर्मशाळा बांधणें यांस आपल्या शास्त्रकारांनीं पूर्तधर्म म्हटलें आहे. हा धर्म कोणा एका समाजाचा नव्हे, हें आग्रा-लाहोर मार्गावरील अमानतखानाच्या सराईवरून दिसतें. हा शिराझचा सुलेखनकार. ताजमहालावरील कुराणवचनें त्यानेंच रेखिलीं. १६३९ सालीं बंधु अफझलखान निवर्तला, तेव्हां दरबार सोडून त्यानें १६४० च्या सुमारास स्वखर्चानें ही सराई उभारिली व द्वारावरील लेखहि स्वहस्तें लिहिला. तिचें एक द्वार दिल्लीच्या नांवाचें, दुसरें लाहोरच्या. १९४७ सालीं सरहद्द जवळूनच गेली व वाट तुटली. लाहोरी दरवाजा उभा आहे, लाहोरचा पांथस्थ नाहीं. वाट तुटली तरी अतिथीसाठीं द्वार ठेवण्याची बुद्धि तुटूं नये, असें आम्हांस वाटतें.