बाहेरून आलेले

आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, दप्तर, कागद, शाई हे तर आपले उर्दू शब्द. मग मराठीच्या पुस्तकात कसे?" मी म्हणालो, "बाळा, ते फारसीतून आले आणि दोन्ही घरचे झाले."

जीवशास्त्र माझा विषय नाही. पण आपल्या शरीरातही असेच घडले आहे, हे वाचल्यापासून तो प्रश्न मनातून जात नाही.

डीएनएचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक यांना हे १९४०च्या दशकात मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून उमगले. १९५१ साली त्यांनी ते मांडले, तेव्हा फार थोड्यांना पटले. नोबेल मिळाले १९८३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी.

माणसाच्या डीएनएचा जवळजवळ अर्धा भाग अशा फिरस्त्या तुकड्यांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा आहे. एकूण डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग तर प्राचीन विषाणूंकडून आलेला. यालाच पुष्कळ वर्षे 'कचरा' म्हटले गेले.

या 'कचऱ्या'त सिन्सिटिन नावाचे जनुक आहे. मूळ विषाणूचे, त्याच्या जोरावर तो पेशीत शिरायचा. आज त्याच जनुकाच्या प्रथिनामुळे वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि आईकडून बाळाला पोषण देणारा पडदा तयार होतो. उंदरांमधले तसेच एक जनुक काढून टाकले, तर पिल्ले गर्भातच मरतात.

सगळेच तुकडे उपकारक नसतात. असा तुकडा रक्त गोठवणाऱ्या जनुकात घुसल्याने हिमोफिलिया झाल्याचे १९८८ मध्ये आढळले. बऱ्याच तुकड्यांचा काहीच उपयोग दिसत नाही. म्हणून 'निसर्गात सगळे सहेतुक असते' असा सोयीचा निष्कर्ष मी काढणार नाही. निसर्ग नीतीचे धडे द्यायला बसलेला नाही. माणसांनी एकत्र कसे राहावे, हे माणसांनीच ठरवायचे.

पण शुद्ध रक्ताचा दावा करणाऱ्यांच्या हातून विज्ञानाचा आधार मात्र निसटतो. कुणी आम्हाला 'बाहेरचे' म्हणतो, तेव्हा आम्हाला लागते. आणि आम्ही? सोयरीक जुळवताना खानदान आणि जात आम्हीही विचारतोच. अश्राफ घराण्याचा तोरा मिरवणाऱ्याच्या आईची वारही त्या परक्या जनुकावाचून बनली नव्हती.

त्या मुलाने पुन्हा विचारले, तर सांगेन: आधी आपल्या दप्तरातले शब्द मोज, मग परके कोण ते ठरवू.