पाचटाला काडी कशासाठी?

ऊसतोडीची टोळी रान सोडून गेली, की दोन दिवसांत त्या रानातल्या पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचा, धूर निघतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठाने तोडणीच्या हंगामभर हेच चालतं. का पेटवलं, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली: खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा येणारा ऊस) एकसारखा फुटतो, राख म्हणजे खतच, पाचट ठेवलं तर पाणी सरकत नाही आणि उंदीर होतात. ही माणसं अडाणी नाहीत. डोळ्यांनी पाहिलेलंच ती सांगतात. पण पाहिलेल्याचं कारण चुकीचं लावतात.

आधी खोडव्याचं. पाचट जळालं की बुडखे उघडे पडतात, त्यांना ऊन लागतं आणि कोंब वर येतात. म्हणजे काम केलं उन्हाने, श्रेय मिळालं आगीला. बुडख्यांवरचं पाचट नुसतं सरीत ओढलं तरी तेवढंच ऊन मिळतं. वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटले, की जमिनीखालचे डोळे फुटतात आणि तेच फुटवे जोमदार असतात.

राखेत पालाश उरतो, हे खरं. पण हेक्टरभर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे ४०-५० किलो नत्र आणि तीन-चार टन कर्ब आपण एका संध्याकाळी हवेत सोडतो. नंतर तेच नत्र युरियाच्या पोत्यातून विकत आणतो आणि जमीन कडक झाली म्हणून हळहळतो. शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत जातो तो धूर वेगळाच. त्याचा हिशोब कुणी मांडत नाही, याचा मला खरंच राग येतो.

पाण्याची तक्रार मात्र रास्त आहे. पहिलं पाणी पाचटातून रेंगाळतच जातं. भारी रानात एक आड एक सरीत पाचट भरावं आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावं. पुढे पाचटाखालची ओल टिकते, तण दबतं आणि पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं. उंदरांचा त्रासही खोटा नाही. कुट्टी करून ओलं केलेलं पाचट लवकर दबतं, तसा त्यांचा आसरा कमी होतो.

एक आक्षेप सहसा कुणी बोलून दाखवत नाही, पण माणसाला परत काडीकडे नेतो तो तोच. पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला! असं होतं, कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडं. ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतलं नत्र उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक पाचटावर टाकून पाणी द्यायचं. ‘पाचट जाळू नका’ एवढंच सांगून निघून जाणाऱ्यांनी हा अर्धा भाग गाळला आणि शेतकऱ्याचा विश्वास घालवला.

मग पाचटाखाली खत कसं द्यायचं? पहारीने. बुडख्यापासून चार-सहा इंचांवर, चार-सहा इंच खोल, फूटफूटभर अंतराने भोकं पाडायची, खत सोडून बुजवायची. खत थेट मुळांशी जातं, उन्हात उडत नाही की पाण्याबरोबर वाहत नाही. कुळवणी-बांधणी वाचते. घरोघरी असलेल्या लोखंडी पहारीला संशोधकांनी लावलेलं हे काम मला महागड्या यंत्रांहून मोलाचं वाटतं. पाचट रानाबाहेर काढावंच लागलं तर त्याचा कोळसा होतो, डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेला त्यासाठी २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण पाचटाची पहिली जागा रानातच.

राहता राहिला मजुरांचा आणि वेळेचा प्रश्न. तो एकट्या शेतकऱ्यावर ढकलणं अन्याय आहे. ऊस कधी तुटणार हे कारखान्याला आधी कळतं. तोडीची चिठ्ठी देणारा त्याचा चिटबॉय फडावर येतोच. तोडीच्या चिठ्ठीबरोबरच त्याने कुट्टी यंत्राची पाळी लावावी, संवर्धकाची पिशवी बांधावर पोचवावी आणि बेणं-खताचे पैसे कापतात तसे याचेही उसाच्या बिलातून कापून घ्यावेत. येत्या गाळपाच्या आधी होणाऱ्या वार्षिक सभेत सभासदांनी हा ठराव मांडावा.