देवळाच्या ओवरीत कादंबरी

आमच्या बऱ्हाणपुरातील एका देवळाच्या ओवरीत गेल्या चातुर्मासापासून दर शनिवारी, सायंकाळची आरती आटोपली की, दहा-पंधरा तरुण मुलेमुली जमतात आणि आपापल्या आवडत्या कादंबऱ्यांविषयी बोलतात. बोलतात हा शब्द सौम्य झाला, भांडतात. कोणाला रणजित देसाई प्रिय, कोणाला भालचंद्र नेमाडे. एकीने ‘मृत्युंजय’ची तीन पारायणे केलेली असतात, तर दुसरा तीस पानांपुढे आपल्याला जाववले नाही असे निर्भयपणे सांगून टाकतो आणि मग अर्धा तास कोणी कोणाचे ऐकत नाही. यात कोणाचे पोट दुखावे असे काही नव्हते. पण दुखले. आता असा प्रस्ताव पुढे आला आहे की, वाचावयाच्या पुस्तकांची यादी विश्वस्तांनी आधी पाहून मंजूर करावी, वादग्रस्त कादंबऱ्या वगळाव्यात आणि मतभेदाचे बोलणे देवळाच्या आवारात होऊ देऊ नये. प्रस्ताव मांडणारे आमचेच वडीलधारे आहेत. त्यांनी या देवस्थानासाठी खाल्लेल्या खस्ता आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तथापि हा प्रस्ताव आम्हांस सर्वथा अमान्य आहे, आणि तो का अमान्य आहे हे आडपडदा न ठेवता सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप असा की, देवळात देवाचे नाव घ्यावे. कादंबरी ही करमणूक, तिला घर आहे, बाग आहे. आक्षेप जुना आहे, म्हणून तो खरा ठरत नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली. तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती. लेखक धर्मांतरित ख्रिस्ती, म्हणून पुष्कळांनी तिच्याकडे पाठ फिरविली असेल. ते समजण्यासारखे आहे. पण पुढे तीच व्यथा हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये मांडली. हरिभाऊ आमच्याच खानदेशातल्या पारोळ्याला जन्मलेले. ती कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः येऊ लागली. पत्राचे नाव ‘करमणूक’ आणि आत काय, तर केशवपनाच्या वस्तऱ्याखाली बसविलेली एक कोवळी मुलगी! ज्या रूढीला त्या काळी धर्म म्हणत होते, त्या रूढीखाली चिरडल्या गेलेल्या बाईचा आवाज घराघरातल्या माजघरापर्यंत नेण्याचे काम कोणा पुराणिकाने केले नाही, ते एका कादंबरीकाराने केले. करमणूक हा शब्द ज्यांना हलका वाटतो, त्यांनी हे पत्र एकदा आठवावे.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. मंजूर व्हावयाच्या यादीत पौराणिक कादंबऱ्यांना मज्जाव नाही, असे आम्ही ऐकतो. म्हणजे ‘ययाति’ चालेल, ‘मृत्युंजय’ चालेल, कारण त्यांत महाभारत आहे. आम्हांला नम्रपणे विचारावेसे वाटते की, यादी करणाऱ्यांनी ही पुस्तके उघडून पाहिली आहेत काय? खांडेकरांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली ‘ययाति’ एका राजाच्या भोगलालसेचा पंचनामा आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, ती गोष्ट एकट्या राजाच्या तोंडून येत नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली बाजू सांगतात, आणि वाचकाला तिघांचे ऐकून घेतल्यावाचून न्याय करता येत नाही. शिवाजी सावंतांच्या १९६७च्या ‘मृत्युंजय’मध्ये तर कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा मुखे आहेत. एकाच सूर्यपुत्राकडे माता, मित्र, भार्या, बंधू आणि प्रत्यक्ष भगवान कोणकोणत्या डोळ्यांनी पाहतात हे सावंतांनी दाखविले. आता अशी पुस्तके वाचावी, पण त्यांवर मतभेद करू नये, हे म्हणणे म्हणजे मुलाला पोहणे शिकवावे, मात्र तापीत पाय घालू देऊ नये, असे झाले.

आणि मतभेद देवळाला नवा आहे काय? महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ठेवा. म्हाइंभटांनी तो एका आसनावर बसून लिहिला नाही. चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, ताडून पाहून तो सिद्ध केला. नाथांनी ज्ञानेश्वरीच्या अपपाठांनी गढूळ झालेल्या प्रती एकत्र करून १५८४ साली शुद्ध पाठ निश्चित केला, तो तरी मतभेदाला भिऊन केला नाही. देवाच्या ग्रंथाविषयी ज्यांनी एवढी विचारपूस केली त्यांच्या वंशजांना नेमाडे मोठे की खांडेकर एवढ्या प्रश्नाने विटाळ व्हावा, याचे आम्हांला नवल वाटते.

तिसरा आक्षेप कुजबुजीच्या रूपाने येतो, आणि खरा तोच आहे. काही कादंबऱ्यांत देवळाविषयीच भलतेसलते असते. होय, असते. बा. भ. बोरकरांनी मराठीत ‘भावीण’ लिहिली. जयवंत दळवींनी ‘महानंदा’ लिहिली. कोंकण-गोमंतकात देवळाच्या सेवेच्या नावाखाली जन्माला बांधल्या गेलेल्या स्त्रियांचे जिणे हा त्यांचा विषय. बोरकर कोण? कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषांत ज्यांची कविता लोकांच्या ओठांवर बसली ते. त्यांना देवळाचा द्वेष होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आम्ही विचारतो, या कादंबऱ्या देवळात वाचावयाच्या नाहीत तर कोठे वाचावयाच्या? ज्या पायऱ्यांवर हे घडले त्या पायऱ्यांवर बसूनच त्याचा विचार झाला पाहिजे. आपल्या घरातले वैगुण्य आपल्या मुलांनी आपल्या ओसरीवर बोलावे हे बरे, की बाहेरच्याने चव्हाट्यावर बोलावे आणि आपण चिडून उठावे हे बरे?

आता आमच्या गावाविषयी थोडे, कारण हा वाद पुण्यात झाला असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. जुन्या मध्य प्रदेशात हिंदीबरोबर मराठीही राज्यकारभाराची भाषा होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. हे गाव कधीच एका भाषेचे नव्हते. येथल्या जामा मशिदीत फारुकी राजांच्या काळचा संस्कृत शिलालेख आहे, आणि रहीम खानखाना येथे सुभेदार होते. परंतु शाळा हिंदी, कचेरी हिंदी, मित्रांचा संदेश हिंदी, अशा स्थितीत मुलांच्या वाट्याला मराठी उरते कोठे? आजीशी बोलताना, आणि आरतीत. आरतीची मराठी पाठ असते. तिच्यात रागावता येत नाही, शंका विचारता येत नाही, ‘मला हे पटले नाही’ म्हणता येत नाही. शनिवारच्या त्या ओवरीत आम्ही एका मुलाला तावातावाने बोलताना ऐकले. शब्द अडला की हिंदीचा घ्यावा, पुन्हा मराठीवर यावे, अशी त्याची धडपड चालली होती. गेल्या कित्येक वर्षांत या गावातल्या एवढ्या लहान मुलाला मराठीत भांडताना आम्ही ऐकले नव्हते. विश्वस्तमंडळी नेमके तेच बंद करावयास निघाली आहेत.

तो मुलगा बोलत होता ‘कोसला’विषयी. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे कर्ते रावेर-यावलच्या पट्ट्यातल्या सांगवीचे, म्हणजे आमच्या शेजारचे. येथून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि केळीच्या बागा संपण्यापूर्वी उतरावे, इतके जवळ. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकावयास जातो, तेथे रमत नाही, आणि गावी परततो. धाकटी बहीण मनी जाते, ते दुःख त्याला पेलत नाही. बऱ्हाणपूरहून इंदूरला किंवा पुण्याला गेलेल्या आणि हात हलवीत परतलेल्या मुलाला हे परके कसे वाटावे? आम्हांला स्वतःला ही कादंबरी सर्वांगी आवडत नाही. तिच्यातला उपहास मध्येच दमतो असे आमचे मत आहे. ते मत आम्ही ओवरीत मांडले, आणि एका अठरा वर्षांच्या मुलीने आम्हांला पुस्तक उघडून खोडून काढले. वयाचा मान राखून खोडले, पण खोडले!

माळव्यातल्या मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण आम्ही या मुलांना नेहमी देतो. एकाच मराठी घरातले दोघे भाऊ. थोरले गजानन माधव हिंदीचे अग्रगण्य कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, आणि त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘क्षिप्रा’ आहे. कोंकणी वाचकांना तर हे सांगावयास नको. त्यांची भाषा नागरी, रोमी, कन्नड अशा निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाते, आणि तरीही दामोदर मावजो या हिंदू लेखकाने १९८१ साली ‘कार्मेलीन’मध्ये आखातात दाईपण करावयास गेलेल्या ख्रिस्ती बाईचे अंतरंग लिहिले. धर्म सुटला नाही, भाषाही सुटली नाही.

मुलांचे सगळेच आम्हांला गोड वाटते असे मात्र कोणी समजू नये. त्यांतील काहीजण कादंबरी वाचत नाहीत, कादंबरीकाराची पूजा करतात. ‘स्वामी’ वाचून माधवराव पेशव्यांचा इतिहास आपल्याला कळला असे समजणारे आहेत, आणि कर्णाची बाजू घेताना व्यासांनी कर्णाच्या तोंडी द्रौपदीविषयी काय घातले आहे हे ज्यांनी पाहिलेलेच नाही, असेही आहेत. भ्रमणध्वनीवर कोणीतरी केलेला दहा ओळींचा सारांश वाचून तावातावाने मत देणाऱ्याला तर ओवरीच्या पायरीवरच थांबवावे. फडके-खांडेकरांच्या काळी ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाने वाचनालये दुमदुमली; त्या वादात पुष्कळ वायफळ होते, पण भांडणाऱ्यांनी निदान दोघांचीही पुस्तके वाचलेली असत.

विश्वस्तांपाशी आमचे मागणे थोडे आहे. यादीचा प्रस्ताव मागे घ्यावा. कळसाच्या मुलाम्यासाठी जमलेल्या निधीतून एक कुलपाचे कपाट घ्यावे, आणि त्याची किल्ली मुलांपैकी एकीकडे द्यावी. त्यांनी स्वतः एका शनिवारी येऊन बसावे. अध्यक्ष म्हणून नव्हे, पुस्तक वाचून. येत्या शनिवारी ‘ययाति’ आहे. शर्मिष्ठेच्या बाजूने बोलणारे चौघे आहेत, ययातीच्या बाजूनेही एक धीट निघाला आहे. देवयानीची बाजू घ्यावयास अजून कोणी तयार झालेले नाही. ती जागा रिकामी आहे.