चौकातले खोटे पाणी

चित्रपट व्हायचा तो मुंबईत नाही तर कोल्हापुरात, आणि आपण बडोदेकरांनी तो तिकीट काढून पाहावयाचा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. आपल्याच समाजातील पाच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तिला यंदा धक्का दिला आहे. नदीपासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वाड्यात त्यांनी सहा मिनिटांचा लघुपट करावयास घेतला आहे. विषय आहे ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीचा महापूर. वाड्याचा चौक खरा, तुळशीवृंदावन खरे, माणसे खरी; पाणी मात्र खोटे आणि त्यातून येणारी मगरही खोटी. ही दोन्ही संगणकावर निर्माण करून खऱ्या चित्रावर बेमालूम बसवावयाची, या कलेस ती मुले ‘व्हीएफएक्स’ म्हणतात.

ही विद्या आपल्या गावाला अगदीच परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या येथील कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतले होते. पुढे कुंडीत लावलेल्या वाटाण्याची थोड्या थोड्या अवधीने छायाचित्रे घेऊन त्यांनी अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. कॅमेरा थांबवावयाचा, पात्र हलवावयाचे आणि पुन्हा सुरू करावयाचा, ही त्या काळची सर्वांत साधी युक्ती; तेवढ्याने माणूस अदृश्य होई.

आजच्या युक्तीत चिकाटी मात्र तितकीच लागते. मुले प्रथम कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून रिकाम्या चौकाचे चित्रण करतात, मग त्याच जागेवरून माणसांचे. संगणकावरील पाणी या दोहोंच्या मध्ये थरासारखे बसते. त्यात खांबाचे प्रतिबिंब पडले नाही किंवा ऊन एका बाजूचे व सावली दुसऱ्या बाजूची झाली, तर पाहणाऱ्याला लबाडी तत्काळ कळते. पडद्यावरील एका सेकंदास २४ चित्रे लागतात. म्हणजे दहा सेकंदांच्या पुरास २४० चित्रे. एकेका चित्रास संगणक दहा मिनिटे घेतो असे धरले, तरी सलग ४० तास झाले. ‘ब्लेंडर’ ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते, म्हणून विद्यार्थ्यांच्या खिशास हा उद्योग परवडला.

परंतु खरी अडचण संगणकाची नव्हती. वाड्यातील एका आजींनी चित्रीकरणास साफ नकार दिला. त्या पुरात त्यांच्या लग्नातली छायाचित्रे आणि यजमानांची पत्रे भिजून गेली होती. “एकदा आले तेवढे पाणी पुरे झाले. आता तुम्ही ते पुन्हा घरात आणू नका,” असे त्या म्हणाल्या. मुलांनी वाद घातला नाही. दुसऱ्या एका घराच्या अंगणात केलेला दहा सेकंदांचा नमुना त्यांनी आजींना दाखविला. आजींनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “हे पाणी नव्हे रे. पाणी दारातून लाटेसारखे आलेच नाही. आधी मोरी उलटी वाहू लागली. रंग चहासारखा, आणि वास तर सांगायलाच नको. शेजारच्या काकांनी ‘पाणी आव्युं’ म्हणून हाक दिली, तेव्हा आम्ही देव वरच्या माडीवर नेले.” मुलांनी केलेले काम रद्द केले आणि पूर पुन्हा मोरीपासून सुरू केला. शेजाऱ्याची हाकही गुजरातीतच ठेवली. आजींनी त्यानंतर होकार दिला. एवढेच नव्हे, तर भिंतीवर पाणी कोठवर चढले होते, ते काठीने दाखविले.

आता एका गोष्टीविषयी आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे. जाहिरातीसाठी मगरीचा तेवढाच तुकडा मोबाईलवरून सर्वत्र पाठवावा, असा मुलांचा बेत आहे. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. २०२४ च्या पुरात नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांहून अधिक उंची गाठली होती आणि वस्तीतून २० हून अधिक मगरी पकडाव्या लागल्या होत्या. ज्या शहराने हे प्रत्यक्ष भोगले आहे, तेथे पावसाळ्याच्या रात्री असा तुकडा कोणीही खराच मानील. कोणी म्हातारा माणूस अंधारात जिना चढू लागेल आणि पडेल. नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकास हा खेळ आहे, हे ठाऊक असते; मोबाईलवर तो अचानक आलेला तुकडा पाहणाऱ्यास ते ठाऊक नसते. चमत्कृती आणि फसवणूक यांतील अंतर एवढेच आहे.

फाळक्यांनी १९१७ साली चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा चित्रपटही काढला होता. आपल्या मुलांनीही तसेच करावे. लघुपट पुरा दाखवावा आणि लगेच पुढे रिकामा चौक व त्यावर चढत जाणारे पाण्याचे थर दाखवावेत. त्याने त्यांच्या कसबाचे मोल कमी होणार नाही, उलट वाढेल.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, ही मुले दाराशी आली तर त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नये. पाणी कोठवर आले होते, आधी काय उचलले आणि काय राहून गेले, हे त्यांना सांगावे. संगणकाला पाणी करता येते. ते आपल्या घरात कोणत्या वाटेने शिरले, हे मात्र आपल्यालाच सांगावे लागेल.